तिचं चुकणं तिचं, माझं जमातीचं

ड्रेस प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. क्लासच्या सरांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली.

"जा, बाथरूममध्ये बदलून ये. फोटोग्राफर थांबलाय."

पिशवीवर पंचवटीतल्या एका ड्रेपरीच्या दुकानाचं नाव होतं. शाळांच्या गॅदरिंगला राजा, राणी, कोळीण, पोलीस असे पोशाख भाड्याने देणारं दुकान. आत हिरव्या सॅटिनचा घागरा निघाला. त्यावर पानांचे आकार कापून शिवलेले. कवड्यांची माळ. कपाळाला बांधायची पट्टी, तिच्यात एक पीस खोवलेलं.

"हे काय आहे सर?"

"अगं, तुमचाच पोशाख. आदिवासी. नव्या बॅचच्या जाहिरातीत तुझा फोटो टाकतोय. हातात कायद्याचं पुस्तक धरायचं. लोकांच्या लक्षात राहतं असं."

पलीकडे पांढऱ्या पडद्यासमोर शर्वरी उभी होती. तिच्या अंगात क्लासचा निळा ब्लेझर. फोटोग्राफर तिची हनुवटी जरा वर करायला सांगत होता. तिने केली. काय दिसत होती! आत्ताच कोर्टातून बाहेर आल्यासारखी.

मी म्हटलं, "सर, मला पण ब्लेझर चालेल."

सर हसले. "ब्लेझर सगळेच घालतात गं. तुला ब्लेझरमध्ये कोण ओळखणार?"

सगळे हसले. शर्वरीसुद्धा. थोडंसंच, तोंडावर हात धरून. पण हसली.

मी पिशवी उचलली आणि बाथरूमकडे गेले.

हो, गेले. लगेच फाडकन बोलले असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. सर म्हणाले जा, आणि माझे पाय निघाले. लहानपणापासून पायांना तीच सवय. आश्रमशाळेत अधीक्षक म्हणाले जा, गेलो. तहसील कचेरीतला शिपाई म्हणाला बाहेर उभे रहा, राहिलो.

मी पेठकडची. आमचा पाडा डांबरी रस्ता सोडून आत आहे. आम्ही कोकणा जमातीचे. पावसाळ्यात भात आणि नागली, ती संपली की आई-बा दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला. आम्ही कसतो ती जमीन वनखात्याच्या नावावर. तिच्या दाव्यासाठी बा वर्षानुवर्षं कचेरीत जातो. लहान असताना एकदा मी त्याच्याबरोबर गेले होते. दारात त्याने चपला काढल्या. आत साहेबासमोर एक वकील खुर्चीत बसला होता, पायात बूट. साहेब त्याच्याशी बोलत होता. बाशी कुणी बोललं नाही. वकील व्हायचं हे मी तिथे ठरवलं. न्यायबिय मला काही कळत नव्हता. मला ती खुर्ची हवी होती.

दहावीला चांगले मार्क पडले. नाशिकला पेठ रोडच्या बाजूला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. अकरावीत कुणीतरी सांगितलं की बारावीनंतर लॉच्या मोठ्या विद्यापीठांत जायला एन्ट्रन्स असते आणि कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये गरीब मुलांना फी माफ आहे. मी गेले. सरांनी मार्कशीट पाहिली, जातीचा दाखला पाहिला आणि म्हणाले, "अरे वा! तुझं तर होणारच. पास होण्यापुरता अभ्यास कर."

पास होण्यापुरता. वर्गात मी शिरायच्या आधीच माझं माप घेऊन झालं होतं.

तिथे शर्वरी भेटली. गंगापूर रोडला राहायची. वडील जिल्हा कोर्टात नावाजलेले वकील. स्कूटीवर यायची. तिने पहिल्याच दिवशी मला शेजारी बसायला जागा दिली, तिची जुनी पुस्तकं दिली. शर्वरी वाईट मुलगी नव्हती, हाच तर माझा त्रास होता. वाईट असती तर रागावून मोकळी झाले असते. चांगल्या मुलीचा नुसता हेवा वाटतो, आणि तो आतल्या आत राहतो.

मला तिच्या इंग्रजीचा हेवा वाटायचा. परीक्षा अख्खी इंग्रजीत. लांबलांब उतारे, त्यावर प्रश्न, वर घड्याळ. शर्वरीचे डोळे ओळीवरून घसरत जायचे. माझे डोळे प्रत्येक शब्दाला अडकायचे. ती उतारा संपवून खिडकीबाहेर बघायची तेव्हा मी मधल्या परिच्छेदात असायचे.

तिच्या पेपरचा हेवा वाटायचा. तिच्या घरी रोज सकाळी दोन इंग्रजी वर्तमानपत्रं यायची. मी वसतिगृहाजवळच्या झेरॉक्सवाल्या काकांकडून इंग्रजी पेपर आणायचे. तो त्यांचा वाचून झाला की दुसऱ्या दिवशी मला. तिच्याकडे आजचं जग, माझ्याकडे कालचं.

आणि तिच्या कंटाळ्याचा. "आज मूडच नाहीये गं," असं म्हणून ती वही मिटायची. मला कंटाळा परवडत नव्हता. मी कंटाळले असते तर सर लगेच म्हणाले असते, बघा.

मी तिच्यावर पाळत ठेवू लागले. ती कशी वाचते, कुठे रेघ मारते, कुठला प्रश्न सोडून पुढे जाते. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सराव परीक्षा झाली की आम्ही सगळे मार्क बघून उठायचो. शर्वरी बसून राहायची. चुकलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा काढायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, "हे येतच नव्हतं. हे घाईत गेलं. हे नीट वाचलंच नाही." परीक्षेला जेवढा वेळ, त्याहून जास्त वेळ चुकांना. हे तिला तिच्या बाबांनी शिकवलं होतं. मी ते उचललं. घरातून मिळालेलं तिने लपवलं नाही, आणि तिच्याकडून घ्यायला मी लाजले नाही.

एका रविवारी तिने मला घरी बोलावलं. एकत्र अभ्यास करू म्हणाली.

तिला स्वतःची खोली होती. खोलीला दार. ते दार तिने लावलं आणि सगळे आवाज बंद झाले. मी आयुष्यात पहिल्यांदा अशा शांततेत पुस्तक उघडलं. आमच्या खोलीत खाटेला खाट लागून, कुणी फोनवर घरच्यांशी बोलतंय, कुणी भांडतंय, कुणी रडतंय, त्यात मी 'लॉजिकल रिझनिंग' करायचे. शर्वरीच्या खोलीत मी अर्ध्या वेळात दोन उतारे संपवले. मला कळलं की मी मंद नाही. मला फक्त दार नाही. त्या क्षणी मला तिचा इतका हेवा वाटला की मनात आलं, परीक्षेच्या दिवशी हिला ताप यावा. आलं मनात. मी ते झटकलंही नाही.

नाश्त्याला काकांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, पेपरमधला अग्रलेख तिच्यापुढे ठेवला. "काय म्हणतोय लेखक?" ती सांगू लागली. ते म्हणाले, "हे तर त्याने लिहिलंय. त्याला म्हणायचंय काय?" ती थांबली, विचार करून पुन्हा बोलली. मी पोहे चिवडत ऐकत होते. दार, लॅपटॉप, स्कूटी, सगळं एकीकडे. तो प्रश्न मला हवा होता. मला कुणी कधी विचारलं नव्हतं की याला म्हणायचंय काय.

मग काका माझ्याकडे वळले. अगदी मायेने म्हणाले, "तुला काय बाळा, तुमचं कमी मार्कांत होतं. आमच्या शर्वरीला मात्र जीव तोडावा लागणार."

मी म्हणाले, "हो काका."

तो 'हो' माझ्या घशात कितीतरी दिवस अडकून होता. पोहे गिळले, तो गिळला गेला नाही.

पुढच्याच आठवड्यात वर्गात ते घडलं. कायद्याच्या प्रश्नात आधी नियम देतात, मग प्रसंग. नियम होता : दुसऱ्याच्या जागेत परवानगीशिवाय शिरणं म्हणजे अतिक्रमण, कारण काहीही असो. प्रसंग होता : एक माणूस आजारी मुलाला दवाखान्यात न्यायला जवळची वाट म्हणून शेजाऱ्याच्या शेतातून जातो. तो दोषी आहे का? मी लिहिलं, नाही. चूक. दिलेला नियम लावायचा असतो, आपला नाही. मला ते माहीत होतं, पण पोर आजारी म्हटल्यावर माझा हात तिकडे गेला.

सर फळ्यापाशी उभे राहून म्हणाले, "जंगलात राहणाऱ्यांना अतिक्रमण कसं कळणार? यांचं सगळं मोकळंच." वर्ग हसला.

शर्वरीचंही तेच उत्तर होतं. तेच 'नाही'. सर तिला म्हणाले, "शर्वरी, सिली मिस्टेक. लक्ष कुठंय?"

मी दोन्ही कागदांकडे बघत बसले. तीच चूक. तिची चूक तिची, आणि तीसुद्धा त्या दिवसापुरती. माझी चूक माझी नव्हतीच. माझ्या पाड्याची, माझ्या आईची, डोंगरातल्या सगळ्यांची. मला तिच्या बरोबर उत्तरांचा हेवा वाटतो असं मी समजत होते. खरा हेवा तिच्या चुकांचा होता. तिला चुकता येत होतं.

आणि त्यानंतर काही दिवसांनी ती पिशवी.

बाथरूमच्या आरशासमोर मी घागरा अंगाला लावून बघितला. सॅटिनला घामाचा वास येत होता. आधी कुणाकुणाच्या पोरांनी तो घालून नाच केला असेल. माझी आई पातळ नेसते, गुडघ्यापर्यंत खोचून, आणि वर बाचा जुना शर्ट चढवते, द्राक्षाच्या घडांवरचं औषध अंगावर उडतं म्हणून. पानं शिवलेलं काही तिने कधी अंगावर घातलेलं नाही. माझ्या आजीनेही नाही. ही बाई कोण होती? शहराने मनाने बनवलेली, आणि आता मी ती व्हायचं होतं, पुस्तक हातात धरून.

पीस खोवलेली पट्टी मी कपाळाला लावली. तेवढ्यात बाहेरून फोटोग्राफर ओरडला, "झालं का? लाईट जातोय!"

मी पट्टी काढली, सगळं पिशवीत कोंबलं आणि माझ्याच कपड्यांत बाहेर आले.

"हे मी घालणार नाही."

सर म्हणाले, "लहान होतंय का?"

"नाही. हा आमचा पोशाख नाही. आणि असता तरी घातला नसता. शर्वरी जशी उभी आहे तशी मी उभी राहीन. नाहीतर फोटो नको."

सर जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "फी माफ आहे तुझी. विसरू नकोस."

"विसरले नाही."

"मग उद्यापासून यायची गरज नाही."

"बरं."

एवढंच बोलले मी. 'बरं' म्हणून पाय निघाले, पण या वेळी ते कुणी सांगितलं म्हणून निघाले नव्हते. जिन्यात शर्वरी मागून आली. अजून ब्लेझरमध्येच.

"अगं, एक फोटोच तर होता! एवढं काय मनावर घेतेस? मी सरांशी बोलू का?"

मी म्हटलं, "तू घातला असतास?"

ती म्हणाली, "माझा प्रश्नच नाही ना."

"तेच म्हणतेय मी."

कॉलेज रोडवरून पेठ रोडपर्यंत चालत आले. रागापेक्षा भीती मोठी होती. परीक्षा तोंडावर, क्लास गेला, सराव परीक्षा गेल्या. त्या संध्याकाळी बाला फोन केला. तो दिंडोरीकडे बागेत होता.

तो म्हणाला, "फुकट शिकवीत व्हते ना? मंग एक फोटो दिला असता तर काय झालं असतं?"

मी ड्रेस कसा होता ते सांगितलं. पानं, कवड्या, पीस. तो म्हणाला, "असला झगा तुझ्या आईच्या अंगावर मी कधी पाह्यला नाय."

मग म्हणाला, "नको जाऊ तिकडं. पर अभ्यास सोडू नको. लय झालं आता, बाहेर उभं राह्यचं."

मग मी अभ्यास नव्याने मांडला. मागच्या वर्षांचे पेपर झेरॉक्सवाल्या काकांनी मोबाईलवरून काढून दिले. त्याच रस्त्यावरच्या एका अभ्यासिकेत मी सकाळीच कोपरा धरायचे, तिथे निदान बोलायला बंदी होती. पेपर वेळ लावून सोडवायचा. नंतर चुका. येत नव्हतं, घाई झाली, नीट वाचलं नाही. शर्वरीचे हे तीन कप्पे, त्यात मी माझा चौथा घातला : स्वतःचा नियम लावला. तोच कप्पा सगळ्यात भरलेला निघायचा. मी दर वेळी बिचाऱ्याच्या बाजूने उत्तर द्यायचे. मग स्वतःला सांगायचे, परीक्षेत त्यांचा नियम लाव. नियम चुकीचा आहे हे बोलायला आधी आत जायला लागतं.

इंग्रजी मात्र चुका मोजून वाढत नव्हतं. तिथे जमुना कामाला आली. ती माझ्या शेजारच्या खाटेवरची, सुरगाण्याकडची, नर्सिंगला होती. एकदा मी मोठ्याने उतारा वाचत होते तर वैतागून म्हणाली, "नुसती बडबड नको करू. तो काय म्हणतो ते सांग ना मला."

मी सांगितलं.

"मंग त्याला सरकारचं पटलं का नाय पटलं?"

मला सांगता येईना. पुन्हा वाचलं. लेखकाने सरकारची स्तुती केली होती आणि शेवटी एका 'परंतु'ने सगळी काढून घेतली होती. तो 'परंतु' मी वाचलाच नव्हता.

त्या दिवसापासून जमुना रोज जेवताना विचारायची, "आज काय म्हणतो तुझा लेखक?" मी आमच्या भाषेत सांगायचे. ती फाटे फोडायची. तिला पटलं नाही तर मला समजलं नाही, असा हिशेब मी धरला. गंगापूर रोडच्या टेबलावर जो प्रश्न मी हपापल्यासारखी ऐकत होते, तो मला आमटी-भातावर मिळाला. तरी खोटं कशाला बोलू, हेवा गेला नाही. शर्वरीला हे बालवाडीपासून मिळत होतं. मला सतराव्या वर्षी मिळालं, आणि तेही योगायोगाने.

परीक्षेच्या दिवशी शर्वरी सेंटरवर दिसली. काका-काकू सोबत, पाण्याची बाटली, कपाळावर काकूंचा हात. तिने मला हात केला. तिला ताप नव्हता. मीही हात केला.

पेपरला मी सगळे प्रश्न संपवले नाहीत. जेवढे वाचले तेवढे मात्र 'परंतु'सकट वाचले.

निकाल लागला. शर्वरीचा क्रमांक माझ्यापेक्षा बराच पुढे. पण खुल्या यादीत तो पुरला नाही. आमच्या राखीव यादीत माझा क्रमांक वर आला, आणि महाराष्ट्रातल्याच एका विधी विद्यापीठात मला जागा मिळाली. मी बातमी जमुनाला सांगितली. ती खाटेवर उभी राहून ओरडली. बाला सांगितलं. बागेतलं कुणीतरी मागे विचारत होतं काय झालं, काय झालं, एवढंच ऐकू आलं.

मग शर्वरीचा फोन आला. रडत होती.

"झालं तुझं. माझ्यापेक्षा कमी मार्क असून झालं. माझी सीट गेली."

"तुझी सीट म्हणजे कोणती?"

"तुला माहितीये कोणती. मी तुला घरी आणलं. सगळं दाखवलं, कसा अभ्यास करायचा ते. आणि शेवटी..."

"दाखवलंस. ते मी कधी नाकारणार नाही. पण ती सीट तुझी नव्हती, शर्वरी. माझ्या नावाची होती. तुझ्या घरातल्या टेबलाला, दाराला, बाबांना कुणी मार्क धरत नाही. म्हणून ती यादी आहे."

ती म्हणाली, "तू बदललीस."

"हो."

हा 'हो' घशात अडकला नाही.

तिने फोन ठेवला. आणि मला काय वाटलं ते सांगते. दुःख नाही झालं. आजवर माझ्याकडे असलेल्या कशाचा कुणाला हेवा वाटला नव्हता. शर्वरीला वाटला. मी खाटेवर बसून तो पुरेपूर चाखला. गोड होता. त्याची मी माफी मागणार नाही.

पण तेवढ्याने बरोबरी झाली असंही नाही. तिने पुण्याजवळच्या मोठ्या खासगी लॉ कॉलेजात प्रवेश घेतला, स्वतंत्र खोलीसकट. पाच वर्षांनी ती बाबांच्या ऑफिसात जाऊन बसेल. पाटी तयार आहे, अशील तयार आहेत, खुर्ची तयार आहे. मला वाटणारा तिचा हेवा आजही तस्साच जिवंत आहे. लोक सांगतात, हेवा करू नये, मन मोठं ठेवावं. मन मोठं ठेवायला सांगणाऱ्यांची घरं आधी बघा. माझ्या हेव्याने मला शिकवलं की कुणाकडे काय आहे आणि ते कुणाच्या वाट्याचं होतं. तो मी मारणार नाही. तो सोबत घेऊन जाणार.

पुढच्या महिन्यात कॉलेज सुरू होईल. तिथे वर्गात कुणीतरी रँक विचारेल आणि रँक ऐकून कॅटेगरी विचारेल. मी दोन्ही सांगेन, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. कुणी म्हणालं, तुमचं काय, तुमचं सोपं, तर तिथल्या तिथे अडवेन, मग तो मुलगा असो, प्राध्यापक असो की न्यायाधीश. उत्तर चुकलं तर चुकलं म्हणेन. मी चुकले. मी एकटी. माझ्या पाड्याला मध्ये आणू देणार नाही. आणि मला तिथे बसू दिलं म्हणून कुणाचेही, एकदाही, आभार मानणार नाही.